टाकीपाशी बसायची ड्युटी

अहो,

घोरत होतात, म्हणून उठवलं नाही. तुमच्या कार्डावरून त्या ऑनलाइन रमीवाल्यांना पैसे गेलेत, ते आम्ही भरलेच नाहीत, अशी तक्रार द्यायला सकाळी बँकेत गेले होते. कार्ड कुणीतरी हॅक केलंय, असं तुम्हीच म्हणाला होतात ना!

तिथल्या बाईंनी पैसे गेल्याच्या सहा तारखा वाचल्या आणि विचारलं, "तेव्हा कार्डवाले कुठं होते?" मी छाती ठोकून सांगितलं, "गच्चीवर! हे सगळे पाण्याचेच दिवस. आठ दिवसांनी नळाला पाणी येतं. त्या दिवशी हे दोन-दोन तास टाकीपाशी बसतात." बाई निघाल्या आपल्याच पुंडलिकनगरच्या. म्हणाल्या, "आमच्याकडंही त्याच दिवशी येतं. पण अर्ध्या तासात जातं हो."

आणि मी अख्ख्या गल्लीत तुमचं कौतुक करत फिरतेय!

तक्रारीचा फॉर्म फ्रिजवर ठेवलाय. हिंमत असेल तर तुम्ही सही करा, मी करणार नाही. मी वैजापूरला नीरजाताईकडे चाललेय, उद्या येईन. आज पाण्याचा दिवस आहे, चार वाजता सुटेल. टाकी काठोकाठ भरा.

मोबाईल शोधत बसू नका. तो माझ्या पर्समध्ये आहे.

कालिंदी