बांधापलीकडचा षटकार

नाही विनीत, डोकं माझं ठिकाणावरच आहे. खाली बस आणि शेवटपर्यंत वाच. डॉक्टर महेंद्रने आत्ताच नाडी, प्रेशर, डोळे सगळं बघून तसं लिहून दिलंय. तो आमचा विकेटकीपर असला तरी डॉक्टर खरा आहे.

तर मी, देऊ गोमा भोपी, वय एकाहत्तर, इंग्रजीचा रिटायर्ड मास्तर, राहणार पालेगाव, अंबरनाथ पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहितोय. दबाव होता. विनीतचा होता. पण मी त्याखाली आलो नाही.

एक. राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते माझी बायको संजीवनी हिचं. माझे पांढरे कपडे धुण्यात जन्म गेला असं ती म्हणते. माझ्यामागे ते तिने फरशी पुसायला घ्यावेत, माझी हरकत नाही.

दोन. बदलापूर गावातला फ्लॅट माझा मुलगा विनीत याला. बाळा, तू आनंदनगरच्या कारखान्यात शिफ्ट करून थकलायस, तुला स्वतःचं वर्कशॉप टाकायचंय, हे मला दिसतं. फ्लॅट विक, टाक वर्कशॉप. पण शेताकडे बघू नकोस.

तीन. आता शेत. हे वडिलोपार्जित नाही, मी पगारातून घेतलेलं, म्हणून कोणाला द्यायचं ते मीच ठरवणार. पावसाळ्यात भात आणि कापणी झाली की क्रिकेट. धसकटं काढायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, पीच तयार. माझं इंग्रजीसुद्धा शेतातलंच. लहानपणी लावणी करताना बांधावर रेडिओ असायचा, त्याच्या कॉमेंट्रीवर मी ती भाषा शिकलो आणि पुढे पोरांना टेन्स तसेच शिकवले. हा पळतोय, हा पळाला, हा थांबला असता तर वाचला असता. हेडमास्तर मला कुचकटपणे 'क्रिकेटचे मास्तर' म्हणायचे. त्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

शेजारचं शेत माझ्या मोठ्या भावाचं, नाथादादाचं. मधला बांध हीच आमची बाउंड्री. बॉल बांधाला लागला तर चार, बांधाला न शिवता पलीकडे गेला तर सहा. शेत घेतलं त्याच्या पुढच्याच वर्षी बदलापूर गावच्या टीमशी फायनल होती. शेवटचा बॉल, सहा हवे, बॅटिंगला मी. मी असा उचलला की बॉल थेट दादाच्या शेतातल्या वालाच्या वेलांत सापडला. आणि अंपायर कोण, तर बांधावर उभा असलेला दादा. बांधाला शिवून गेला म्हणत त्याने चार दिले. सख्ख्या भावाला झुकतं माप दिलं असं लोक म्हणतील, म्हणून दिले.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक सणाला एका पंगतीत बसतो आणि वरणभात संपायच्या आत भांडतो.

गेल्या वर्षी बिल्डर आला. त्याला दोन्ही शेतं हवीत, एकटं एक नको, आणि मधला बांध सपाट करणार. विनीत नकाशा मांडून बसला होता. दादाने नकाशाकडे बघितलंच नाही.

"बांध गेला तं चौकार कुठं दाखवू मी?" एवढंच म्हणाला आणि चहा मागितला.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझी विद्यार्थिनी मैत्रेयी आता वकील आहे. शेत कधीच विकू नये अशी अट घाल म्हटलं, तर ती म्हणाली, "सर, अशी अट कोर्टात टिकत नाही."

ठीक आहे. अट घालत नाही. भांडण ठेवतो. भांडणाला कोर्ट लागत नाही.

चार. म्हणून शेत मी माझी सून किर्ती हिला देतो. विनीत, ओरडू नकोस. ती उल्हासनगरची, टर्फवर खेळून वाढलेली, डावखुरी. मागच्या रविवारी दादाच्या मुलीने, प्रतिभाने तिला बॉलिंग टाकली आणि किर्तीने त्याच क्रीझवरून बॉल बांधाला न शिवता वालात घातला. मी म्हटलं, बघ दादा, जातो की नाही! प्रतिभा म्हणाली, "काका, वहिनीचा गेला. तुमचा नव्हता गेला." माझ्या त्या जुन्या बॉलवरून दोघी अंधार पडेपर्यंत बांधावर उभ्या राहून भांडल्या. इतका आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

पलीकडचं शेत पुढे प्रतिभाकडे जाईल. या दोघींनी हे भांडण मिटवू नये, हीच माझी शेवटची इच्छा.

ठिकाण: पालेगाव. दिनांक २२ फेब्रुवारी २०२६, रविवार.

सही: देऊ गोमा भोपी

साक्षीदार:
१. डॉ. महेंद्र वायले
२. नाथा गोमा भोपी (सही खरी. बाकी चौकारच व्हता.)

वाचलंस, दादा काय लिहून बसला ते? कागद किर्तीकडे दे. मी पॅड बांधलेत, ओपनिंगला मी आहे आणि अंपायर तोच आहे. कोणी काही बोलू नका, मी निघालो.