मूलच्या जंगलातल्या वळणावरचे गोटे

बाबा, परवा गडचिरोलीहून चंद्रपूरला निघाले. गाडी माझी, चालवणारी मीच. साठी उलटलेली बाई एकटी गाडी चालवते म्हणून आजही पेट्रोल पंपावर लोक वळून पाहतात. पाहू देत. रस्ते आता पुष्कळ सुधारले आहेत. तुमची एसटी ज्या खड्ड्यांतून कण्हत जायची, तिथे आज पोटातलं पाणी हलत नाही. पण रस्ता चांगला म्हणून माणसं बेफाम चालवतात. त्यात सूरजागडच्या खाणीतले लोखंडाचे दगड वाहणारे ट्रक एकामागे एक, आणि जंगलात मध्येच बसलेली गुरं. तुम्ही असता तर मला एक गिअर खालीच ठेवायला लावला असता.

मूल सोडल्यावर जंगलात वळणावर टायर बसलं. डावीकडे खोल उतार, गाडी रस्त्याखाली घेता येईना. मग मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून तुमच्याच रीतीने मागे वीस पावलांवर डहाळ्या टाकल्या, चार मोठे गोटे मांडले. एक ट्रकवाला थांबला. "सरका बाई, तुमच्यानं नट नाई निघत," म्हणाला. मी म्हटलं, "निघतो. तुम्ही फक्त जॅक धरा." त्याने हसत जॅक धरला, मी स्टेपनी चढवली. तो गेला, मीही निघाले. नणंदेकडे जेवायला पोचायचं होतं आणि दिवस कलला होता.

पाचेक किलोमीटरवर मला तुम्ही दिसलात. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तुमच्याच गाडीने पेपरला चालले आहे. तुम्ही भर जंगलात ब्रेक मारता, खाली उतरता. कुणी ट्रकवाला गाडी दुरुस्त करून गोटे तसेच टाकून गेला आहे. मी दारातून ओरडते, "बाबा, माझा पेपर आहे!" तुम्ही सगळ्या प्रवाशांसमोर म्हणता, "तुह्या पेपरापायी कोनाचा जीव घ्याचा का? उतर खाली. तो मोठावाला गोटा तू उचल." मी इस्त्रीच्या साडीत गोटा उचलते. मागून एक म्हातारी म्हणते, "कंबर सांभाळ वो माय, लगनाची हायेस!" सारी गाडी हसते. तीन दिवस मी तुमच्याशी बोलले नव्हते. पेपर मिळाला होता, तरीही.

मी गाडी वळवली. सांजेला या रस्त्याने कामावरची माणसं मोटरसायकलने परततात, पुष्कळांचे दिवे धड नसतात. ते पाच किलोमीटर मला फार लांब गेले. वळणावर एक मोटरसायकल आडवी दिसली, तेव्हा मी गाडी तिथेच थांबवून धावत सुटले. पण ती स्टँडवर उभी होती. नवरा-बायको गोटे बाजूला करत होते आणि तो शिव्या घालत होता, "कोन भयताड गोटे टाकून पयाला बाप्पा! आता जीव गेला असता ना!"

"मीच ती भयताड," मी म्हटलं.

एवढ्या वयाची चष्मेवाली बाई, हे पाहून त्याने हातातला गोटा खाली ठेवला. बायको मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग उचला ना बाई, पाह्यत काय राह्यल्या?" आम्ही तिघांनी सगळे गोटे, डहाळ्या कडेला टाकल्या. तिने पदराने हात पुसले आणि पिशवीतून चार बोरं काढून माझ्या हातावर ठेवली. ती खात मी चंद्रपूरला गेले. उशीर झाला, पण जेवण चवीने जेवले आणि गाढ झोपले.

नणंदेला सांगितलं, गोटे उचलायचं विसरले होते. त्या दोघांनाही तेच सांगितलं. तुम्हाला नाही सांगता येत. टायर बदलून निघताना ते गोटे मला आरशात दिसले होते, बाबा. उचलेल कोणी तरी म्हणून मी गिअर टाकला.