चंपाच्या रक्ताचा आकडा

क्यूरपीप,
रविवार, ७ ऑगस्ट १९८३

प्रिय अक्का,

विद्यावतीचा नमस्कार. तू आणि दाजी बरे असाल, कुसुमावती शाळेत रमली असेल, असं धरून चालते. इकडे ऑगस्टची थंडी आणि भुरभुर पाऊस सुटायला तयार नाही. आई माझ्याजवळच आहे. गुडघे धरतात, पण जेवण जातं. आपल्या भावाला, सत्यदेवला, प्लेन मान्येनला विमानतळावर काम लागलं, हे त्याने तुला कळवलंच असेल. आई रोज तुझं नाव काढते आणि मग माझ्याकडे बघून विषय बदलते.

सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. मराठी लिहायची सवयही गेली. बैठकेत, वस्तीतल्या त्या एका खोलीच्या शाळेत, बाबा संध्याकाळी पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचे तेव्हा तुझं अक्षर सुरेख, माझं वाकडं. आजही वाकडंच आहे. पण हे पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागू नये, म्हणून मराठीतच लिहिते.

काम आहे ते आधी सांगते. गेल्या मंगळवारी आमची नर्स बसंती तुमच्या वस्तीत आली होती. शमें ग्रेनिएकडच्या ऊसमळ्यांच्या वस्त्यांत सगळ्या मुलांचं रक्त तपासून जंताचं आणि लोहाचं औषध द्यायचं ठरलं आहे, आणि ते काम माझ्याकडे आहे. तुमच्या वस्तीतली चौसष्ट मुलं यादीत होती. एकही आई पुढे आली नाही. बसंती परत येऊन म्हणाली, "एक बाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, ही माणसं पोरांना तोलतात, टोचतात, वहीत लिहितात आणि जातात. माझी पोर अशीच लिहून नेली."

तिचं नाव मी विचारलं नाही.

ऑफिसात सगळे म्हणाले, वस्तीतल्या बायका अडाणी, त्यांना समजावून सांगायला हवं. मीही मान हलवली. घरी आल्यावर त्या मान हलवण्याची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. अक्का, तू खरं तेच बोललीस. पण किती खरं, ते तुला अजून ठाऊक नाही.

१९७६ साली मी तुमच्याकडे वजनकाटा घेऊन आले तेव्हा तुला एवढंच सांगितलं होतं की मुलांची पाहणी आहे. पाहणी अशी होती: या बेटावर आपण मराठी लोक मूठभर. वस्त्यांत आपण, थोडे तेलुगू, थोडी क्रेओल घरं. वस्त्यांतली मुलं शहरातल्या मुलांपेक्षा जास्त का दगावतात, याचा शोध घ्यायचा होता. डॉक्टरांना वाटत होतं, पोटातले जंत रक्त पितात आणि मग साधा तापही मुलाला पेलत नाही. ते सिद्ध करायला दहा वस्त्या निवडल्या. पाच वस्त्यांतल्या मुलांना औषध द्यायचं, पाचांत वर्षभर नुसतं मोजायचं. कोणती वस्ती कुठे, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. तुमची वस्ती नुसत्या मोजण्यात आली.

हे मी तेव्हा तुला सांगितलं नाही, कारण सांगायचं नाही असा नियम होता. इथपर्यंत नियमाच्या आड लपता येतं. पुढे येत नाही.

कारण दुसराही एक नियम होता. रक्ताचा आकडा सहाच्या खाली गेला, तर मूल कोणत्याही वस्तीतलं असो, त्याला लगेच इस्पितळात पाठवायचं. चांगल्या मुलाचा आकडा अकरा-बारा असतो. तुझ्या चंपाचा साडेपाच आला.

मी कार्ड घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "एका आकड्यावर धावायचं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासा." मी म्हटलं, "सर, नियमात सहा लिहिलंय." त्यांनी कार्डावरचं नाव पाहिलं. म्हणाले, "ही तुमची भाची ना? मग तर तुम्ही जास्त जपून वागायला हवं. घरच्यांना झुकतं माप दिलं असं कोणी म्हणायला नको." मला सहा महिन्यांत कायम करणार होते, अक्का. मी "हो सर" म्हटलं आणि कार्ड परत पेटीत ठेवलं.

त्याच रविवारी मी तुझ्याकडे जेवायला आले होते. तू भात आणि ब्रेदची पालेभाजी वाढलीस. चंपा माझ्या मांडीवर येऊन बसली. चार वर्षांची पोर, पण खेळायला उठत नव्हती. हाताचे तळवे कागदासारखे पांढरे. मी ते बघितले आणि माझ्या हातात झाकून धरले. तू चुलीपाशी पाठमोरी होतीस. तू विचारलंस, "काय गं, तुझ्या मोठ्या वहीत माझी पोर कशी आहे?"

मी म्हटलं, "कोरेक."

आपण दोघी एकमेकींशी कधी क्रेओल बोललो नाही. बाजारात, ऑफिसात 'सगळं ठीक' म्हणून बोलतो तो शब्द मी तुझ्या चुलीपाशी काढला. आपल्या भाषेत ते खोटं माझ्या तोंडून निघालं नसतं बहुतेक. तू हसलीस आणि मला आणखी भात वाढलास.

एकोणीस दिवसांनी तिला ताप आला आणि जुलाब लागले. इस्पितळात नेईपर्यंत ती उरली नव्हती. तिसऱ्या दिवशी तू मला अंगणात अडवून विचारलंस, "तू तिचं रक्त घेतलं होतंस. तुला काही कळलं नव्हतं?" मी म्हणाले, "नव्हतं."

कळलं होतं.

त्या दिवशी तू म्हणालीस, पुन्हा या दारात येऊ नकोस. लोकांना वाटलं दुःखाने बोलतेस. मीही आईला तेच सांगत आले. सात वर्षं आई तुला कठोर समजते आणि मी तिला समजू दिलं.

मला कायम केलं. पाहणी पुरी झाली. औषध मिळालेल्या वस्त्यांत मुलं निम्म्याने कमी आजारी पडली. आज जे औषध येतंय ते त्याच अहवालामुळे. त्यात एक तक्ता आहे: औषध न दिलेल्या वस्त्या, मृत्यू तीन. त्या तिघांत चंपा आहे. तिचं नाव नाही. तो अहवाल माझ्या टेबलावर असतो आणि लोक माझं कौतुक करतात.

हे नवं काम हाती घेताना मी एकच अट घातली. आता कोणतीही वस्ती नुसती मोजायची नाही, आणि प्रत्येक मुलाचा आकडा त्याच दिवशी, त्याच जागी आईला सांगायचा, तिला कळेल त्या भाषेत. त्याशिवाय मी सही करत नाही म्हटलं. कुरकुर झाली, पण मानलं.

बसंती येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी पुन्हा येईल. मी येणार नाही. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणायचा मला हक्क नाही. पण जंत अजून त्याच मातीत आहेत आणि कुसुमावती अनवाणी खेळते असं सत्यदेव सांगत होता. वाटलं तर हे पत्र बायकांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांनी मला शिव्या द्याव्यात आणि मुलांना घेऊन यावं.

आईला मी काल सगळं सांगितलं. ती आज सकाळपासून स्वतःच्या साड्यांच्या घड्या घालते आहे.

माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल.

तुझी,
विद्या


शमें ग्रेनिए,
२० ऑगस्ट १९८३

विद्यावतीस,

पत्र पोचलं. तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी बैठकेत बायकांपुढे मोठ्याने वाचलं. "कोरेक"पाशी मला पुढे वाचता येईना, शेजारच्या सरस्वतीने वाचलं.

बायका डॉक्टरला खूप बोलल्या. मला त्याचा राग येत नाही. तो माझा कोण होता? तुला मी जेवायला वाढलं होतं.

गुरुवारी नर्सबाई आली. पहिली मी गेले. कुसुमावती रडली, मी धरून ठेवली. बाई म्हणाली, आठ. मी विचारलं, आठ म्हणजे चांगलं की वाईट, खरं सांग. ती म्हणाली, वाईट, पण औषधाने चढेल. तिथेच बाटली दिली. मग बाकीच्या आल्या. एकसष्ट पोरं झाली. तिघं आजोळी गेलीत, ती पुढच्या वेळी येतील. क्रेओल घरातल्या एका पोराचा आकडा पाच आला. त्याला त्याच दुपारी गाडीतून इस्पितळात नेलं. त्याची आई माझा हात सोडत नव्हती.

मी घरी येऊन खूप रडले. त्या पोरासाठी की कशासाठी, ते नाही सांगता येत.

आईला इकडे पाठव. सत्यदेव घेऊन येईल, तू सोडायला येऊ नकोस. तुला बोलवायचं की नाही, ते माझं मला ठरवू दे. घाई करू नकोस. आणि त्या तक्त्यात जागा असेल तर तिचं नाव लिही. चंपा हरिलाल. वय चार वर्षं दोन महिने.

चंपाची आई,
चंद्रावती