गाडी आता गरम होत नाही

भाऊ दिलवरसिंग, थोरल्या बहिणीचा रामराम आणि आशीर्वाद घे. आम्ही इकडे बरे आहोत. तूही सुरतेत बराच असशील, नसतास तर तुझ्या बायकोने कधीच फोन केला असता. गुडघा कसा आहे ते कळव. (नाही कळवलंस तरी चालेल. गॅरेजात उकिडवा बसतोस तोवर तो दुखणारच.) फोन सोडून पत्र लिहिते, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं राहून जातं. अक्षराला हसू नकोस, चौथीत शाळा सुटली ती सुटलीच.

दिवाळीत येऊन तू आपल्या जीपचं इंजिन खोललंस, रिंगा-पिस्टन बदलून पुन्हा बांधलंस, त्याबद्दल आधी चांगलं बोलून घेते. गाडी एका चावीत उठते. पूर्वी खांडबाऱ्याच्या स्टॅन्डवर चार माणसं ढकलायला लागायची आणि ढकलणाऱ्याला पुढची सीट असा कायदाच होता. आता पुढच्या सीटवरून रोज भांडण. धूर गेला, त्यामुळे मागे बसणारे उतरल्यावर ओळखू येतात. आवाज तर इतका कमी झाला की पाड्यावरची माणसं घरातून निघतच नाहीत. आधी गाडी दोन वळणं लांब असतानाच खडखड ऐकून ती टोपल्या उचलायची. आता मला खिडकीतून ओरडावं लागतं. तुझे दाजी स्टिअरिंगवर असे बसतात जशी ती गाडी त्यांनीच जन्माला घातली. घरी माझ्याशी बोलत नाहीत एवढं तिच्याशी बोलतात. असो, मी खुश आहे. पण एक काम बिघडलंय आणि ते तुझ्यामुळे.

विसरवाडीच्या वाटेवर मोठा चढ आहे ना, त्याच्या माथ्यावर कालीबाईची चहाची टपरी आहे. तिचा गिरधर आपल्या ऊर्मिलासाठी मला पसंत आहे. पोरांचं आपसात आधीच जमलंय (मला माहीत नाही असं ते समजतात, समजू दे). पण आपल्यात मागणी मुलाकडून यावी लागते. मुलीची आई मुलाच्या दारात गेली तर लोक म्हणतात, पोर घरात जड झाली वाटतं. म्हणून मी कधी मुद्दाम गेले नाही. जायची गरजच नव्हती. माथ्यावर पोचेपर्यंत इंजिन तापून वाफ सोडायचं, कालीबाई पिंपातलं पाणी द्यायची, आणि ते थंड होईपर्यंत आम्ही दोघी बाकड्यावर. आधी भाताचं बोलणं झालं, मग तिच्या म्हशीचं, मग गिरधरच्या पोल्ट्रीतल्या कामाचं, मग ऊर्मिलाच्या हातच्या भाकरीचं. असं करत करत गोष्ट "माणसं घेऊन एकदा यायला पाहिजे" इथपर्यंत आली. तेवढ्यात तू इंजिन खोललंस.

आता गाडी चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढते आणि टपरीपुढून सरळ निघून जाते. थांबवा म्हटलं तर दाजी म्हणतात, चांगल्या चालत्या गाडीला थांबवायचं नाही असं दिलवरसिंगने सांगितलंय. (तू असं काही सांगितलं नाहीस हे मला पक्कं माहीत आहे.) तिकडे कालीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, धनीबाईची गाडी नवी झाली, आता आमची टपरी तिला कुठली दिसायला.

मग गेल्या बाजाराला मी दाजींना दटावलं आणि टपरीपुढे गाडी उभी करून बोनेट उघडायला लावलं. इंजिन तापलंय, मी जोरात म्हटलं. कालीबाई कळशी घेऊन आली आणि वाकून बघत राहिली. वाफ नाही, खळखळ नाही. एवढ्यात मागून पितांबर कापडवाला ओरडला, "कसानं पानी माय, गाडी ते हवामा चाली ऱ्हायनी." त्याला पुढची सीट आयुष्यात मिळणार नाही. कालीबाई म्हणाली, "यापेक्षा माझी किटली जास्त वाफ सोडते," आणि भरली कळशी घेऊन आत गेली. मी चहा मागितला तर म्हणे, राहू दे, तुम्हाला घाई असेल. घरी आल्यावर ऊर्मिला जेवली नाही. दाजी दोन वेळचं जेवले.

बाकी सगळं ठीक. वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद सांग.

तुझी बहीण
धनीबाई

ता. क. पत्र लिहायचं कारण असं की तू एकदा ये आणि इंजिनातलं काहीतरी थोडं ढिलं कर. जास्त नको. फक्त त्या माथ्यावर वाफ निघाली पाहिजे, बाकी गाडी आहे तशीच पळू दे. एवढी वर्षं गॅरेजात काढलीस, एवढं तरी येत असेल.

दुसरं ता. क. सुरतेकडे जाणारं कोणी मिळेना म्हणून पत्र घरातच पडून होतं. काल आम्ही चढ चढून वर आलो तर कालीबाई रस्त्याच्या मधोमध उभी. तिच्यासोबत तिचा दीर, पोलीस पाटील आणि गावातली दोन म्हातारी माणसं. दाजींना ब्रेक मारावाच लागला. मी विचारलं, कुठे निघालात. म्हणाली, "तुझ्याच घरी. तुझ्या गाडीला आता पाणी लागत नाही, मग मागणीचं बोलायला मी किती दिवस बाकड्यावर बसू?" सगळे आपल्याच गाडीतून घरी आले. मी भाडं घेतलं नाही, तर विहीण त्यावरूनही भांडली. ऊर्मिलाने तीन वेळा चहा केला, तिन्ही वेळा साखर विसरली.

तेव्हा लग्नाला बायकापोरांना घेऊन चार दिवस आधी ये. पाने-पक्कड सुरतेलाच ठेव.