लिनक्सला काही झालं नाही

मुकुल,

मी खाली वल्लरीकडे चालले आहे. पोळ्या डब्यात आहेत, सार गरम करून घे.

तू म्हणालास, "आजी, लिनक्सला व्हायरस लागत नाही, अँटीव्हायरस कशाला?" ते खरंच. आपला कॉम्प्युटर ठणठणीत आहे. पण मंडळाची यादी ज्या फ्लॉपीवर आली, तीच मी वल्लरीला छापायला दिली. तिच्या विंडोजवर ती उघडली आणि त्याच संध्याकाळपासून तिचा प्रबंध उघडेना. परवा द्यायचा आहे. वर तू तिला हसलास, "विंडोज वापरलं की असंच व्हायचं!" कुठल्या फ्लॉपीतून आला कोण जाणे, म्हणत ती स्वतःलाच दोष देते आहे. सकाळपासून मला एका जागी बसवत नाही.

साठ साली आमच्या कॉलनीत टायफॉइड आला. आपल्या घरी कुणाला काही नव्हतं, म्हणून मी ऐटीत होते. नंतर तपासणीत निघालं, जंतू माझ्याच पोटात होते. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ मी केली होती. शेजारच्या हेमलताबाईंची मुलगी दोन महिने अंथरुणाला खिळली. त्या मला म्हणायच्या, "अक्का, माझंच काहीतरी चुकलं हो." मी गप्प राहिले. त्या वारल्या, तरी गप्पच.

व्हायरस आपण दिलेल्या फ्लॉपीतूनच गेला, हे मी वल्लरीला सांगणार आहे. प्रबंध वाचवता आला तर तुलाच येईल. जेवून लगेच ये. नाहीतर जेवण राहू दे, आधी ये.

आजी