बंपरवरचा फेटा

मामंजी, तुमच्या पणतवानं गाडी घेतली आहे. इतकी बुटकी, की आत बसताना मला कुणीतरी धरावं लागतं. काल सांगलीत एका गतिरोधकापाशी तो म्हणाला, "आजी, जरा उतरतेस का? पुढचा बंपर घासेल." मी दाराला हात घातला आणि हात तिथंच राहिला. पोराला वाटलं, वय झालं. त्याला काय सांगू, मी तुमच्या ओढ्यात जाऊन पोचले होते.

कोरेगावाजवळच्या मळ्यावर मालकांची काळी मोटार, तुम्ही तिचे ड्रायव्हर, आणि मोटारखान्याला लागून आपली खोली. लढाईपायी सुटे भाग मिळत नव्हते. मालकांनी बजावलं होतं, बंपरवर ओरखडा दिसला की किल्ली ठेवायची आणि बिऱ्हाड उचलायचं. म्हणून ओढा आला की तुम्ही सगळ्यांना खाली उतरवायचात, मालकीणबाईंनासुद्धा. गाडी हलकी झाली की थोडी वर उचलली जायची. मग बंपरला पोतं बांधून, एक चाक आधी आणि एक मागून, अशी ती तिरपी घालायचात. सासूबाई म्हणायच्या, "आमच्यापरीस त्या बंपरलाच लय जपत्यात." मला हसू यायचं नाही. मला तुमचा धाकच वाटायचा. तुमच्यासमोर पदर कपाळाखाली, आणि बोलणं तर नाहीच.

माझं मूल आडवं आलं तेव्हा तुमचा लेक लढाईवर आणि मालक रेल्वेनं सांगलीला लग्नाला गेलेले. सुईणीनं हात टेकले. "साताऱ्याला न्या, न्हाईतर दोन्ही जीव जातील," म्हणाली. कुणाला न विचारता तुम्ही मोटार काढलीत. मी मागे सासूबाईंच्या मांडीवर. कळ आली की डोळ्यांपुढे अंधार, आणि कळ ओसरली की एकच विचार: आता ओढा येणार, आता मला उतरवणार.

ओढा आला. गाडी थांबली. सवयीनं सासूबाईंनी दार उघडलं आणि मला काखेत धरलं. "ऊठ बाय, मी हाय." मी मरणार, पाण्यातच मरणार, एवढंच मला कळत होतं.

"दार लावा," तुम्ही म्हणालात. "कुनी उतरू नगा."

घाईत पोतं मोटारखान्यातच राहिलं होतं. तुम्ही क्षणभर बंपरकडे बघितलंत आणि डोक्यावरचा फेटा सोडलात. सुनेसमोर! मी डोळे मिटायला हवे होते, पण मिटले नाहीत. तुमचं टक्कल ऊन लागून चमकत होतं आणि तुम्ही वाकून बंपरला फेटा गुंडाळत होतात. परत स्टिअरिंगपाशी बसलात. मागे न बघता विचारलंत, "भ्यालीस व्हय, पोरी?"

तुम्ही माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलंच वाक्य. समोरच्या आरशात तुम्हाला दिसेल अशी मी मान हलवली. नाही.

गाडी तिरपी उतरली. तिघांच्या भारानं खाली दबली आणि दगडावर अशी करकरली, की तो आवाज माझ्या दातांत शिरला. तुम्ही थांबला नाहीत.

साताऱ्याच्या दवाखान्यात पोरगा झाला. मालक परतले, वाकून ओरखड्यावर अंगठा फिरवला आणि हात पुढे केला. तुम्ही किल्ली ठेवलीत. तान्ह्याला घेऊन आपण गावाकडे चालत निघालो, तेव्हा तुमच्या डोक्याला तोच फाटका फेटा होता. त्या दिवसाबद्दल पुढं तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत, आणि मी तुमच्याशी बोलायची नाहीच.

काल मी उतरले नाही. "बसून राहते," म्हटलं, "तिरपी घाल." पोरगं चकित झालं, पण त्यानं घातली.

हा कागद मी तरी कुठल्या पत्त्यावर धाडू? पण त्या दिवशी आरशात मान हलवली ना, ते खोटं होतं, मामंजी. लय भ्याले होते.