बाबांच्या क्रुसाचं झाड

प्रिय उर्मास,

आपल्या मृतांची राखण करणारं जंगल लाकडाच्या भावात जातंय, हे आपल्या साऱ्या गावाचं दुःख तुझंही आहे, असं मी कालपर्यंत समजत होते.

काल पाहुण्यांना जंगल दाखवताना दफनभूमीच्या वाटेवर थिजलेच. बाबांना दफनासाठी नेताना तू ज्या पाइनवर क्रूस कोरलास, तो तोडलाय. ओंडक्यांवर तुझ्याच कंपनीचा शिक्का! मेलेला माणूस झाडावरचा क्रूस ओलांडून घरी परतत नाही, हे आता पाहुण्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

घरी आई दोन ताटं मांडत होती. म्हणाली, "पोरगा येत नाही, पण त्याचा बाप येईल. अडवायला झाड कुठंय?"

तुला कळवायचं नाही, अशी तिची शपथ आहे. म्हणून हे पत्र टाकणार नाही. तरी सांगते: छिन्नी घेऊन ये आणि वाटेवर उरलेल्या एका पाइनवर बाबांचा क्रूस पुन्हा कोर.

तुझी बहीण,
लैदा
व्होरू